चौविहार पाळणारे रक्तपिपासू

या विश्वात मानवी बुद्धीच्या पलीकडच्या काही शक्ती आहेत आणि त्यांच्यापुढे माणसाने नम्र व्हावं, हे मी पूर्ण विचारांती लिहितो आहे. त्यातली एक म्हणजे लोडशेडिंगचं वेळापत्रक. बाकीच्यांबद्दल मला खात्री नाही.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो. पिंपळ, पांढरी साडी, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही... वाचतो आणि झोपतो. झोप चांगली लागते. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही, आणि हे लिहून झाल्यावर बसेल असंही वाटत नाही. मी तेव्हा जालना एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. काम उगवण तपासण्याचं. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी उघडायचं, उगवलं ते चांगलं, न उगवलं ते बाद. हे वर्षानुवर्षं केलं की माणूस चमत्काराची वाट पाहायचं सोडतो.

पण दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात माझ्या घरमालकांचा मुलगा कमलेश डोळ्यांदेखत वाळत गेला. इतका, की हा काही राहत नाही असं गल्लीतले लोक हळू आवाजात बोलू लागले. आणि मग तो बरा झाला. का वाळला आणि कशाने बरा झाला, यातलं एकही मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.

जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं ठोक दुकान. खाली दुकान, वर घर, घराच्या वर माझी भाड्याची खोली. ओसवाल जैन कुटुंब, मारवाडातून येऊन कितीतरी पिढ्या झालेल्या. कमलेशला मारवाडी माझ्याइतकीच यायची, म्हणजे शिव्यांपुरती. वडील लग्नसराईच्या खरेदीसाठी बहुतेक वेळ सुरतेला. घर चालवायची ती आई. तिला तो, त्यांच्या रिवाजाप्रमाणे, बाई म्हणायचा. मी भाभी म्हणायचो.

कमलेशचा अमेरिकेतला मामेभाऊ एका दिवाळीत आला आणि जाताना पत्त्यांनी भरलेली एक पेटी मागे ठेवून गेला. पत्ते म्हणजे बदाम-किलवर नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर वेगळं चित्र आणि खाली बारीक इंग्रजीत त्याचा कायदा. खेळ व्हँपायरचा. चार-पाच जण गोल बसतात. प्रत्येक जण शेकडो वर्षांचा एक रक्तपिपासू म्हातारा असतो, जो स्वतः जागचा हलत नाही. हाताखालच्या धाकट्या व्हँपायरांकडून कामं करून घेतो. आपण डाव्या हाताला बसलेल्याला संपवायचं, आणि उजव्या हाताला बसलेला आपल्यावर टपलेला असतो. प्रयोगशाळेतला माझा सहकारी संतोष, अंबड तालुक्यातला, हे सगळं नीट ऐकून म्हणाला, "सर, हे तर आमच्या सोसायटीचं इलेक्शन झालं. त्याला पत्ते कशाला लागतात?" तरी पण दर रविवारी दुपारी तो मोटारसायकलवरून यायचा.

खेळात रक्त मोजायला सोंगट्या लागतात. त्या आमच्याकडे नव्हत्या, म्हणून मी कंपनीतून औषध लावलेलं मक्याचं बियाणं आणायचो. ते लालभडक असतं, म्हणजे रंग बरोबर होता. विषारी असतं, म्हणून खेळून झाल्यावर आम्ही सगळे साबणाने हात धुवायचो. जगात दुसरीकडे कुठे इतके स्वच्छ व्हँपायर नसतील.

या खेळात आपला जोड आपणच जमवायचा असतो. त्याला डेक म्हणतात. कुठले व्हँपायर घ्यायचे, त्यांच्या हाती कुठले डाव द्यायचे, हे घरी बसून ठरवायचं. मे महिन्यात औरंगाबादला या खेळाची स्पर्धा होणार असं कळलं. जिंकणाऱ्याला बक्षीस होतंच, पण एका कल्पनेवर बांधलेल्या सर्वांत चांगल्या डेकला, म्हणजे थीम डेकला, वेगळं बक्षीस होतं. कमलेशला ते हवं होतं. त्याला कल्पना मात्र सुचत नव्हती. ती त्याला त्याच्या आईने दिली, रागाच्या भरात.

भाभी ताक घेऊन वर आल्या होत्या. चटईवर पसरलेल्यांतला एक पत्ता त्यांनी उचलला. चित्रात एक गोरा माणूस एका बाईच्या मानेला तोंड लावून उभा.

"हा काय करून राह्यला?"

"रक्त पिऊन राह्यला, बाई."

"आपल्या घरात?"

"घरात कुठं? पत्त्यात."

"आन् पत्ता कुठं हाय?"

ज्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी कांदा-बटाटा आला नाही, तिथे ही मंडळी पेटी भरून आली होती.

"हे बघ," भाभी म्हणाल्या, "खेळायचं तर हिंसा नको. चावणं, मारणं, रक्त पिणं, काही नको. न्हाई तर उद्या ही पेटी रद्दीत."

"बाई, ते व्हँपायर हायेत. ते दुसरं काय पिणार?"

"कधी पितात?"

"रात्री. सूर्य मावळल्यावरच उठतात."

"मंग म्हणावं त्यांना, चौविहार पाळा!" असं म्हणून भाभी ताकाचे पेले ठेवून खाली गेल्या.

चौविहार म्हणजे सूर्य मावळल्यावर तोंडात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. त्या घरात सगळेच पाळायचे. कमलेशने तो पत्ता परत ढिगात ठेवला. मग म्हणाला, "सर... भेटली थीम."

कल्पना अशी, की जैन व्हँपायर. उठणार सूर्य मावळल्यावर, आणि सूर्य मावळल्यावर खायचं नाही. म्हणजे कधीच खायचं नाही. कायमचे उपाशी. त्यातून त्या खेळाचा नियम असा, की दर डावाला प्रत्येक व्हँपायरला नुसतं जागं व्हायलाच रक्ताचा एक दाणा खर्च करावा लागतो. नुसतं उठायलाच रक्त लागतं, हा त्या खेळातला एक नियम मला स्वतःच्या अनुभवाने पटलेला होता.

मग हे उपाशी लोक जिंकणार कसे? तर सभा घेऊन. या खेळात व्हँपायर एकत्र बसून ठरावही पास करतात आणि ठरावाने समोरच्याचं रक्त कमी होतं. कमलेशने चावण्याचे, मारण्याचे सगळे पत्ते काढून टाकले आणि डेक ठरावांनी भरला. भाभींनी तपासणी केली.

"ठराव झाला की त्याचं रक्त कुठं जातं?"

"बँकेत." खेळात त्या ढिगाला खरंच रक्तपेढी म्हणतात.

"कुणी पीत न्हाई ना?"

"न्हाई. जमा राहतं."

"जमा राहतं तर ठीक हाय," भाभी म्हणाल्या. शेवटी घर व्यापाऱ्याचं.

उन्हाळाभर तो डेक बांधणं चाललं. दुकानाच्या माळ्यावर कापडाच्या ताग्यांवर पत्ते मांडलेले असत. पत्ते खराब होऊ नयेत म्हणून शर्टपीसच्या पारदर्शक पिशव्या कापून त्यांना खोळी केल्या. कमलेश सराव करायचा आणि हरायचा. त्याचे व्हँपायर एकेक करून, कुणालाही त्रास न देता, भुकेने आडवे व्हायचे.

"कमलेशभाऊ," संतोष कळवळून म्हणायचा, "तुझे लोक उपाशी मरून राह्यले. एखाद्याला जरासं चावू दे. बाईंना काय कळून राह्यलं?"

"न्हाई. शब्द दिलाय."

स्पर्धा औरंगाबादला एका मंगल कार्यालयात होती, कारण त्या दिवशी मुहूर्त नव्हता. मुख्य आयोजक पुण्याहून आले होते आणि त्या दिवसापुरतं त्यांना 'राजपुत्र' म्हणायचं होतं. मे महिन्यात काळ्या मखमलीचा पायघोळ झगा घालून ते नवरा-नवरीच्या लाल सिंहासनावर बसले होते. मागे 'शुभविवाह' अशी थर्माकोलची अक्षरं तशीच. अंधाराच्या साम्राज्याचं उद्घाटन समई पेटवून झालं. शाल झाली, श्रीफळ झालं. कार्यालयाच्या मालकांचाही सत्कार झाला. ते फक्त पंख्यांची चौकशी करायला आले होते. मग राजपुत्र बोलले. "आपण सारे रात्रीची लेकरं आहोत," हे त्यांनी भर दुपारी, घाम पुसत, पुन्हा पुन्हा सांगितलं. खेळ सुरू होईपर्यंत ऊन कलायला लागलं.

आमच्या टेबलावर कमलेश, त्याच्या डाव्या हाताला मी, पलीकडे इंजिनिअरिंगची दोन पोरं. उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. खेळ सुरू व्हायच्या बेताला तिथे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, बिस्किटी रंगाचा सफारी, काखेत चामडी बॅग. विमा एजंट म्हणून कुठेही खपले असते.

"बसू?" त्यांनी विचारलं.

"बसा ना, काका," कमलेश म्हणाला. ते बसले.

नाव त्यांनी सांगितलं असेल, पण आमच्यापैकी कुणालाच ते आठवत नाही. आम्ही नंतर त्यांना सफारीवाले म्हणायला लागलो. मराठी जुन्या वळणाचं, निजामाच्या काळातल्या माणसासारखं अदबशीर. त्या गर्मीत सफारीवर घामाचा डाग नव्हता, हे मला आठवतं. पण काही माणसांना घाम येत नाही. आमच्या कंपनीचे जनरल मॅनेजर तसेच होते.

कमलेशच्या उजव्या हाताला, म्हणजे त्याच्या जिवावर टपलेले, ते. आणि ते खेळले फार सुंदर. त्यांच्या प्रत्येक डावात कमलेशचा एखादा व्हँपायर आडवा व्हायचा. कमलेश परत हात उचलायचा नाही, फक्त सभा बोलवायचा. सूर्य मावळायला आला तसा त्याने घाईने डबा काढला आणि रिवाजाप्रमाणे खाखरा आधी शेजाऱ्यापुढे धरला.

"घ्या ना, काका."

"आपण घ्या. मी सूर्य मावळेपर्यंत काही घेत नाही."

"मी मावळल्यावर घेत न्हाई."

सफारीवाले हसले. "मग आपली पंगत एकत्र बसणं मुश्किल."

मी मनात म्हटलं, असेल काही व्रत. प्रदोष असेल, सोमवार असेल. आपल्याकडे न खाण्याची कारणं इतकी आहेत, की कोण का उपाशी आहे हे विचारण्यात अर्थ नसतो. तो दिवस रविवार होता, हे मला परतीच्या एसटीत लक्षात आलं.

शेवटी काय झालं, तर कमलेशचा उरलेला एकुलता एक व्हँपायर जागा झाला, त्याने सभा बोलावली, आणि रक्त माझं कमी करायचं की सफारीवाल्यांचं, यावर दोन्ही पोरांनी सफारीवाल्यांच्या विरुद्ध मत दिलं. ठराव पास झाला. त्यांचे सगळे लाल दाणे बँकेत गेले.

"फार वर्षांनी हरलो," ते म्हणाले. "तेही उपाशी माणसाकडून."

थीमचं बक्षीस कमलेशला मिळालं नाही. ते 'शापित घराणं' नावाच्या एका डेकला गेलं; तिथे तसे चार डेक होते. राजपुत्रांचं मत पडलं, की खरा व्हँपायर असा वागणार नाही.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा दिवस मावळला होता. सफारीवाले फाटकापाशी उभे होते.

"जालन्याचे का आपण?" ते कमलेशला म्हणाले. "फार वर्षं झाली तिकडे येऊन. कुणी बोलावत नाही. आणि न बोलावता कुणाकडे जायचं नाही, हा आपला शिरस्ता आहे."

आता अशा वेळी जालन्याचा माणूस जे म्हणतो, तेच कमलेश म्हणाला. विचार न करता, एसटी चुकेल म्हणून घड्याळाकडे बघत. "अहो मंग या ना, काका! घरी जेवायलाच या."

"कधी येऊ?"

"कधीही या. आपलंच घर हाय."

हे वाक्य आपण सगळे आयुष्यभर म्हणत असतो. कुणी येत नाही, म्हणूनच म्हणत असतो.

ते आले. त्याच आठवड्यात, संध्याकाळी. लाइट गेलेली होती. दाराबाहेर उभे राहून त्यांनी विचारलं, "येऊ?" कमलेश कंदील घेऊन दाराशी गेला आणि म्हणाला, "अरे काका! या, या." ते आत आले, गादीवर बसले. पत्ता कुणी दिला होता, हा प्रश्न त्या वेळी पडला नाही. जुन्या जालन्यात कापडवाल्याचं घर विचारायला फार अक्कल लागत नाही.

भाभी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "माफ करा हं, भाईसाब. आता चूल बंद झाली. आमच्यात दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा न्हाई देता येत."

"हरकत नाही. बसतो थोडा वेळ."

कमलेशशी ते पत्त्यांबद्दल बोलत बसले. उठून गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आले. मग येतच राहिले. कुणी काही खाल्लं नाही, कुणाला काही वाढलं नाही. नुसतं बसणं. ते गेले की कमलेश तिथेच गादीवर आडवा व्हायचा आणि सकाळी त्याला उठवावं लागायचं.

जून लागेपर्यंत तो कागदासारखा झाला होता. जिना चढताना मध्ये बसायचा. दुकानात तागा उचलता येईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन इतकं कमी, की त्यांनी पुन्हा तपासायला लावलं, तर त्याहून कमी निघालं.

"रक्त जातंय कुठं?" डॉक्टरांनी विचारलं. "मूळव्याध हाय?"

"न्हाई."

"मंग?"

टॉनिक सुरू झालं. ते प्यायला त्याच्या अंगात ताकद नव्हती. वडिलांना सुरतेहून बोलावून घ्यावं का, यावर घरात कुजबुज सुरू झाली, म्हणजे गोष्ट कुठवर आली होती ते समजा.

मानेवर दोन खुणा होत्या का, असं तुम्ही विचाराल. खुणा सात-आठ होत्या. उन्हाळ्यात जालन्यात ज्याच्या मानेवर डासांच्या खुणा नाहीत, तो माणूस परगावचा समजावा. सफारीवाले आरशात दिसायचे का? दिसायचे. समोरच्या भिंतीवर दुकानातला जुना आरसा होता, मी मुद्दाम पाहिलं. सफारीसकट पूर्ण दिसायचे.

तरी संतोषने मला प्रयोगशाळेत गाठलंच. "सर, त्यो माणूस रोज येऊन राह्यला. कमलेश पार वाळून गेला. मला तर सरळ दिसून राह्यलंय. तुम्हाला न्हाई दिसत?"

"उन्हाळा आहे, संतोष. कावीळ असेल."

"कावीळ दाराबाहेरून 'येऊ?' म्हणून इचारती का? त्याला 'या' म्हणणं बंद करा, बस."

संध्याकाळी त्याने कमलेशला हेच सांगितलं. कमलेश उशीवरून म्हणाला, "अरे, दारात उभ्या माणसाला 'येऊ नका' कसं म्हणू?"

"तोंडानं!"

"तू म्हण बरं."

सफारीवाले आले. दाराबाहेर थांबले. "येऊ?" संतोषने तोंड उघडलं, मिटलं, खाली पाहिलं आणि पुटपुटला, "बसा ना... म्हणजे, या." दुसऱ्या दिवशी मी स्वतः दाराशी गेलो. काय म्हणायचं ते ठरवून गेलो होतो. 'त्याची तब्येत बरी नाही, आता काही दिवस येऊ नका.' सभ्य, सरळ वाक्य. ते म्हणाले, "येऊ?" आणि माझ्या तोंडून निघालं, "या, या." संतोष निदान एकदाच म्हणाला होता. मी दोनदा म्हणालो.

त्या रविवारी दुपारी भाभी माझ्या खोलीत आल्या. कधी येत नसत. दारातच उभ्या राहिल्या.

"सर, चूक आपली हाय."

"कसली, भाभी?"

"कमलेशनं त्या माणसाला जेवायला बोलावलं. आन् आपण वाढलं न्हाई. न्योता दिलेला माणूस जेवल्याबिगर कसा सुटल? त्यो तर रोज येणार. त्याचा हक हाय."

मी म्हणालो, की भाभी, तसं नसतं, तो रिकामटेकडा गृहस्थ आहे, वेळ घालवायला येतो. त्यांनी ऐकून घेतलं. एम.एस्सी. झालेल्या भाडेकऱ्याचं ऐकून घेतात, तसं.

त्या संध्याकाळी मी आणि संतोष मुद्दाम तिथे होतो. कमलेश गादीवर पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. दाराबाहेरून आवाज आला, "येऊ?" कमलेशने मान उचलायचा प्रयत्न केला. त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की आता हा गेला.

भाभी पदर सावरून दाराशी गेल्या आणि उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या.

"भाईसाब, तुम्हाला आमच्याकडून जेवायचा न्योता हाय."

"आहे," सफारीवाले म्हणाले. "विसरलो नाही."

"आम्ही पण न्हाई विसरलो. उद्या जेवायला या. दाल-बाटी करते. पण दिवसा या. सूर्य असताना."

सफारीवाल्यांनी बॅग एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"आमच्यात रात्री वाढत न्हाईत. हे तर आता तुम्हाला माहीत झालंय."

"आणि आम्ही दिवसा जेवत नाही, बाईसाहेब."

"मंग हा न्योता निभायचा कसा?" भाभी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाईकाला कापड परत घेता येणार नाही हे सांगताना असायचा तसा आवाज. "बोलावलं आम्ही, चूक आमची. आम्ही वाढायला तयार हाव. उद्या पान मांडून बसते. तुम्ही आले तर मेहरबानी. न्हाई आले तर आमच्याकडून न्योता पुरा झाला. बराबर हाय का न्हाई, तुम्हीच सांगा."

रस्त्यावरून एक टेंपो गेला, त्याच्या उजेडात सफारीवाल्यांचा चेहरा दिसला. थकलेला होता. मला एकदम वाटलं, की हा माणूसही आपल्यासारखाच आहे. कुठेतरी रोज जावं लागतं म्हणून जाणारा.

"बराबर आहे," ते म्हणाले. "असा न्योता मीच घ्यायला नको होता." मग त्यांनी कमलेशकडे पाहिलं. "खेळ चांगला आहे तुमचा. सोडू नका." आणि बॅग काखेत नीट करून ते पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी भाभींनी दाल-बाटी केली. पाटावर पान मांडलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसून राहिल्या. घरातलं कुणी त्याआधी जेवलं नाही. मला त्या दिवशी कंपनीच्या कँटीनचं महत्त्व कळलं. ऊन भिंतीवरून उतरलं, सूर्य मावळला. भाभी उठल्या, पान गाईला घातलं. सफारीवाले त्यानंतर आले नाहीत.

कमलेश पावसाळ्यात हळूहळू उठून बसायला लागला. पोळ्यापर्यंत दुकानात तागे उचलत होता.

आता स्पष्टीकरणं. मी शोधली, नाही असं नाही. डॉक्टरांचं म्हणणं, जंत. आतड्यात राहून रक्त पिणारे जंत असतात आणि त्यांनी गोळी दिली होती ती त्याच सुमारास. पण तपासणीत जंत निघाले नव्हते. मी तसं म्हणालो, तर डॉक्टर म्हणाले, कधीकधी निघत नाहीत, पण असतात. हेच वाक्य संतोषही म्हणत होता, दुसऱ्या कुणाबद्दल तरी.

औरंगाबादला गेलो तेव्हा मंगल कार्यालयात चौकशी केली. मालकांना सफारीवाले चांगले आठवत होते. त्यांना वाटलं, ते स्पर्धेच्या मंडळींपैकी. पुण्याच्या राजपुत्रांना फोन लावला. त्यांनाही आठवत होते. त्यांना वाटलं, ते कार्यालयाच्या मालकांपैकी. लग्नात असं नेहमी होतं. मुलाकडचे समजतात मुलीकडचा, मुलीकडचे समजतात मुलाकडचा, आणि माणूस जेवून जातो. फक्त हे गृहस्थ जेवले नव्हते.

तेव्हा स्पष्टीकरण नाही. उन्हाळा, जंत, योगायोग आणि एक चिकट स्वभावाचा विमा एजंट, एवढं एकत्र केलं तर बरंचसं जमतं. पूर्ण जमत नाही. मी बाद म्हणून टाकून दिलेल्या बियांतही एखादी नंतर उगवायची. आम्ही ती नोंदवत नसू.

पुढच्या वर्षी महावीर जयंतीला समाजाचं रक्तदान शिबिर झालं. कमलेशचं हिमोग्लोबिन भरलं, त्याने रक्त दिलं. बदल्यात पाण्याची एक प्लास्टिकची बाटली मिळाली. तिचं झाकण गळतं.